संकटात देवाकडे ज्ञान मागायचं, म्हणजे नेमकं काय मागायचं?

ऑगस्ट २०१९ चा महापूर ओसरून दहा-बारा दिवस झाले होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, इथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की 'पाणी किती फुटांवर?' हाच पहिला प्रश्न असतो. त्या वर्षी तो प्रश्न विचारायचंही लोकांनी सोडून दिलं होतं.

त्या गुरुवारी आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांची, घरसभा होती. वाचन आधीच ठरलेलं होतं, बायबलच्या नव्या करारातलं याकोबाचं पत्र, पहिला अध्याय. 'तुमच्यापैकी कोणी ज्ञानाने उणा असेल तर त्याने ते देवाजवळ मागावे,' इथपर्यंत वाचून झालं आणि भिंतीला टेकून बसलेल्या आत्या बोलल्या. साऱ्या मंडळीच्या त्या आत्याच. शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाला त्यांचं घर, मागची मातीची भिंत पाण्यात बसलेली, छप्पर एका बाजूला कललेलं.

"मला ज्ञान नको ओ, पाळकसाहेब. मला पत्रे पाहिजेत."

कुणी काही बोललं नाही. पाळकांनी बायबल मिटून मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "किती पत्रे लागतील, आत्या?"

"अठरा. मी मोजल्यात."

त्या दिवशी याकोबाचं पत्र पुढे वाचलं गेलं नाही. पत्रे कुठून आणायचे, कोणाच्या टेम्पोतून आणायचे, सुतार कोण, याच्यावरच सभा संपली. पण आत्यांचं वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. मी रविवारी मुलांचा शब्बाथ शाळेचा वर्ग घेते, त्यामुळे वचन समजावून सांगायची सवय आहे. तरी या वचनापाशी मी अडले. घर पडलेल्या बाईला 'ज्ञान माग' असं देवाचं वचन सांगत असेल, तर ते ज्ञान म्हणजे असतं तरी काय? ते पत्र्यांच्या कामाचं आहे का?

गोंधळ थोडा आपल्या मराठी शब्दातच आहे. ज्ञान म्हटलं की आपल्याला पोथी, पदवी, प्रवचन आठवतं. आमच्या घरांत हे वचन दहावीच्या परीक्षेआधी पोरांना पाठ करायला लावतात, वहीच्या पहिल्या पानावर लिहून देतात. त्यात वाईट काही नाही. पण याकोबाने ते विद्यार्थ्यांसाठी लिहिलं नव्हतं. आधीच्या तीन ओळी वाचा. तिथे नाना प्रकारच्या परीक्षांचा, म्हणजे संकटांचा विषय चालू आहे. माणसं घरदार सोडून पांगली आहेत, गरिबी आहे, श्रीमंतांकडून छळ आहे. पत्राच्या शेवटाकडे तर मजुरी बुडवलेल्या शेतमजुरांचा आक्रोश आहे. अशा लोकांना तो म्हणतो की तुमच्याकडे ज्ञान कमी पडत असेल तर मागा.

आणि हे ज्ञान म्हणजे माहिती नव्हे. याकोब यहुदी होता, त्याच्या कानात जुन्या कराराची हिब्रू भाषा होती. हिब्रूतला शब्द आहे 'होखमा'. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, उभारायचं काम निघतं, तेव्हा देव बसालेल नावाच्या कारागिराला होखमा देतो. कशासाठी? सोनं-चांदी-पितळ घडवायला, रत्नं कोंदणात बसवायला, लाकूड कोरायला. त्याच पुस्तकात सूत कातणाऱ्या बायकांकडेही हीच होखमा आहे असं म्हटलंय. १०७ व्या स्तोत्रात वादळात सापडलेल्या खलाशांचं वर्णन आहे. लाटा आभाळाला भिडतात, खाली कोसळतात, माणसं झिंगल्यासारखी डुलतात आणि त्यांची सगळी होखमा गिळली जाते. इथे होखमा म्हणजे नाव चालवायची अक्कल. ती चालेनाशी होते तेव्हा ते देवाला हाक मारतात.

म्हणजे बायबलमधलं ज्ञान हे हातात उतरलेलं असतं. मराठीत मला त्याला जवळचे शब्द वाटतात ते 'हातोटी' आणि 'उमज'.

मला हे खरं समजलं ते एका गुऱ्हाळावर. करवीर तालुक्यात माझं माहेर. लहानपणी थंडीच्या दिवसांत आम्ही पोरं काहिलीभोवती, उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढईभोवती, घुटमळायचो. चुलवाणात चिपाडं धडधडत असायची, रस उकळायला लागायचा, भेंडीचा चीक घातला की मळी वर यायची आणि ती काढून टाकायची. इथवरचं काम कुणीही शिकून करू शकतो. पण शेवटचा अर्धा तास गुळव्याचा, गूळ करणाऱ्या जाणत्या माणसाचा. पाक दाट होतो, बुडबुड्यांचा आवाज बदलतो. गुळव्या थोडासा पाक गार पाण्यात सोडायचा, बोटांत त्याची गोळी वळून बघायचा आणि परत बघायचा. आधी उतरवला तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. सगळ्या उसाची मेहनत त्या थोड्या वेळात तरते किंवा बुडते. मी एकदा विचारलं होतं, "काका, तुम्हाला कसं कळतं?" ते म्हणाले, "बोटाला कळतंय. पर घाई झाली की बोट बी खोटं बोलतंय."

संकटात मागायचं ज्ञान या जातीचं आहे. काहिल उकळत असताना कधी हात लावायचा, कधी थांबायचं, हे कळणं. आत्यांना अठरा पत्रे तर हवेतच होते. पण त्याआधी त्यांना बरंच काही ठरवायचं होतं. त्याच जागी घर उभं करायचं की इचलकरंजीला भावाकडे जायचं? धाकटीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे मोडायचे का? गल्लीत येऊन लगेच कर्ज देतो म्हणणाऱ्या माणसाच्या कागदावर अंगठा द्यायचा का? यातल्या एकाचंही उत्तर बायबलच्या कोणत्या पानावर छापलेलं नाही. तिथेच ज्ञान लागतं.

आता याकोबाच्या त्या वाक्याचा पुढचा भाग घेऊ, कारण माझ्या मते सगळी गोडी तिथे आहे. देव सगळ्यांना उदारपणे देतो आणि कोणाला दोष लावत नाही, असं तो लिहितो. उदारपणे यासाठी त्याने वापरलेल्या ग्रीक शब्दात सरळपणा आहे, हातचं न राखता, आडपडदा न ठेवता देणं. आणि दोष न लावणं म्हणजे मागणाऱ्याला न टोचणं.

आपल्याकडे अडचणीत कुणाकडे काही मागायला गेलं की आधी काय मिळतं ते आठवून बघा. 'तेव्हाच सांगितलं होतं.' 'नदीकाठी घर कुणी बांधायला सांगितलं?' 'पैसे होते तेव्हा आठवण आली नाही?' चहाच्या कपाबरोबर ही वाक्यं येतात. म्हणून माणूस मागायचं टाळतो, एकटाच ठरवतो आणि आणखी चुकतो. २०१९ नंतर मी असे कितीतरी लोक बघितले, मदतीच्या रांगेत उभे राहायचीच त्यांना लाज वाटत होती. याकोब सांगतो की देवाच्या दारात ही टोचणी नाही. तुमच्याच चुकीने संकट आलं असेल, तरी 'आता काय करू?' असं विचारायला तुम्ही येऊ शकता. माझ्या मते अर्धं ज्ञान इथेच मिळतं. लाजेने आखडलेलं मन काही धड ठरवू शकत नाही. कुणी आपल्यावर ओरडणार नाही हे कळलं की डोकं चालू लागतं.

पण लगेच पुढे एक वाक्य येतं, त्याने पुष्कळ भाविक घाबरतात. विश्वासाने मागा, संशय धरू नका, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा आहे, त्याला प्रभूकडून काही मिळणार नाही. झालं! ज्याच्या मनात एकदा जरी 'देव आहे का?' असं आलं, त्याला वाटतं आपला अर्ज फेटाळला गेला. एक ताई मला म्हणाल्या होत्या, "नवरा आयसीयूत होता तेव्हा मला नुसता राग येत होता देवाचा. म्हणूनच माझी प्रार्थना लागली नसेल." किती वर्षं त्या हे ओझं वाहत होत्या.

याकोब इथे ज्या माणसाबद्दल बोलतोय त्याला त्याने शब्द वापरलाय 'दिप्सुखोस', दोन मनांचा. आपण म्हणतो ना, दोन डगरींवर पाय ठेवलेला, तसा. देवाला विचारायचं, पण निर्णय आधीच दुसरीकडे करून ठेवलेला असायचा. प्रार्थना करायची आणि बाहेर पडून गंडा बांधून घ्यायचा, किंवा सल्ला मागायचा तो फक्त आपल्या मनातलं कुणी बोलून दाखवावं म्हणून. ही झाली दोन मनं. दुःखाने विचारलेला प्रश्न यात येत नाही. येत असता तर अर्धी स्तोत्रसंहिता बायबलमधून काढावी लागली असती. १३ वं स्तोत्र 'हे परमेश्वरा, किती वेळ?' असंच सुरू होतं. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा देणारी एक ओळही नाही. तरी ते आपल्या पवित्र ग्रंथात आहे. रागावून का होईना, तोंड देवाकडे आहे, म्हणून ते एकाच मनाचं आहे. त्या ताईंनाही मी हेच सांगितलं. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर त्या देवाशी भांडत होत्या, म्हणजे देवाशीच बोलत होत्या.

इथे 'असं का झालं?' या प्रश्नाला टाळून पुढे जाता येत नाही. संकटात सगळ्यात आधी तोच येतो, आणि ज्ञान मिळालं म्हणजे याचं उत्तर मिळालं असं आपण धरून चालतो. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचलं की वेगळं दिसतं. ईयोबाची गुरं, घर, दहा मुलं गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द बोललं नाही. साऱ्या पुस्तकात त्या तिघांनी केलेली शहाणपणाची गोष्ट म्हणाल तर ही. तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. मग अध्यायामागून अध्याय ते एकच घोकतात: तू काहीतरी पाप केलं असशील, कबूल कर. त्यांची वाक्यं सुटी काढून वाचली तर भक्तीने भरलेली वाटतात. आणि शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत म्हणतो आणि त्यांच्यासाठी ईयोबालाच प्रार्थना करायला सांगतो.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय. आपल्या मंडळ्यांमध्ये आजही आजारी माणसाच्या उशाशी बसून 'घरात काहीतरी पाप असेल' असं बोलणारे आहेत. मूल गेलेल्या आईला 'देवाला फूल आवडलं' म्हणणारे आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो हे मला माहीत आहे. पण ज्या बोलण्याला देवाने एकदा खोटं ठरवलंय ते पुन्हा कशाला बोलायचं?

याच पुस्तकाचा २८ वा अध्याय म्हणजे एक सुरेख कविता आहे. माणूस डोंगर पोखरतो, अंधारात दिवे लावून दोरीला लोंबकळत खाली उतरतो, रुपं काढतो, सोनं गाळतो, लोखंड काढतो. पण ज्ञान कुठे सापडतं? खोल पाणी म्हणतं माझ्यात नाही, समुद्र म्हणतो माझ्याजवळ नाही. चांदी तोलून देऊन ते विकत मिळत नाही. हुपरीच्या चांदी कारागिरांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला ही उपमा लगेच कळावी. आमच्याकडे चांदीची पारख करणारे हात पिढ्यान् पिढ्या आहेत. हा अध्याय म्हणतो की ज्ञानाची खाण तशी खोदून लागत नाही. शेवटची ओळ आहे: प्रभूचं भय धरणं हेच ज्ञान, दुष्टाईपासून दूर राहणं हीच सुज्ञता. भय म्हणजे थरथर कापणं नव्हे. नदीकाठची माणसं नदीला मानतात, पुराच्या पाण्यात मस्ती करत नाहीत. आपल्यापेक्षा मोठं कोणीतरी आहे हे ओळखून पाऊल टाकणं, तसं ते भय. ईयोबाला 'का' याचं उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही. देव वादळातून त्याच्याशी बोलतो, स्वतः भेटतो, पण कारण सांगत नाही. मला वाटतं हे पुस्तक आपल्याशी फार प्रामाणिक आहे.

मग हे ज्ञान येतं कुठून, कसं? स्वप्नात आवाज ऐकू येईल याची वाट बघत बसायचं का? कोणाला तसं होतही असेल. पण बायबलमधली साधारण रीत फार साधी, घरगुती म्हणावी अशी आहे.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या २७ व्या अध्यायातलं पौल या प्रेषिताचं वागणं बघा. तो कैदी आहे, रोमला नेत आहेत. हिवाळा तोंडावर आलेला, पुढे जाऊ नका असं त्याने आधीच सांगितलेलं. पण अधिकाऱ्याने तांडेलावर आणि जहाजाच्या मालकावर भरवसा ठेवला. वादळ लागलं. कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत, वाचायची आशाच गेली. पौलानेही 'माझं ऐकायला हवं होतं' हे एकदा बोलून घेतलंच, तोही माणूस होता. पण चौदाव्या रात्री तो काय करतो? सगळ्यांना सांगतो की तुम्ही इतके दिवस काही खाल्लेलं नाही, आता खाऊन घ्या, तुमच्या जिवासाठी ते लागेल. भाकर हातात घेतो, सगळ्यांदेखत देवाचे आभार मानतो, मोडतो आणि स्वतः खायला लागतो. जहाजावर २७६ माणसं. त्यांना धीर येतो, तीही खातात. सकाळी जहाज फुटतं, पण माणसं सगळी किनाऱ्याला लागतात. त्या रात्रीचं ज्ञान हे होतं: आधी जेवा. त्याला देवदूताचं आश्वासन मिळालं होतं हे खरं, पण त्या आश्वासनातून निघालेलं पाऊल मात्र भाकरीचं होतं.

आत्यांच्या बाबतीतही असंच घडलं. भगिनी मंडळातल्या आम्ही दोघी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. भावाकडे जायचं की राहायचं, यावरच त्यांचं डोकं दोन रात्री फिरत होतं. माझ्याबरोबरची बाई वयाने मोठी, सरकारी दवाखान्यात आयुष्यभर नोकरी केलेली. तिने तो विषयच काढला नाही. "कागदं कुठं आहेत?" एवढंच विचारलं. ट्रंकेत होती. चिखलाने माखलेली, एकमेकांना चिकटलेली. रेशन कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, घरफाळ्याच्या पावत्या. आणि काळ्या पुठ्ठ्याचं बायबल, फुगून दुप्पट झालेलं. आम्ही साध्या पाण्यात बोटं बुडवून एकेक कागद सोडवला. शेजारणीच्या माडीवर दोरी बांधून चिमट्यांनी ते लटकवले आणि पंखा लावला. बायबलच्या पानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालत बसलो. दुपार गेली. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा दाखवायला कागद होते. त्या दुपारी आत्या पहिल्यांदा झोपल्या. आणि उठल्यावर म्हणाल्या, "जायचं का ऱ्हायचं ते म्हैनाभरानं बघू. त्या कर्जवाल्याला तेवढं उद्या न्हाई म्हणून सांगतो." आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल 'सांगतो, जातो' असंच बोलतात.

महिनाभराने बघू, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पण ख्रिस्ती परंपरेत याचा एक जुना नियम आहे. इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधला सैनिक. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणात पडल्यापडल्या आपल्या मनात काय येतं, काय जातं, ते तो बारकाईने पाहू लागला. पुढे त्याने जेझुइट हा कॅथलिक संघ स्थापन केला आणि साधकांसाठी नियम लिहिले. त्यातला एक असा: मन उजाड झालेलं असताना, देव दूर गेल्यासारखा वाटत असताना, आधी शांत मनाने केलेला निर्णय बदलू नका. अंधारात रस्ता बदलू नये. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात त्याचं नाव फारसं निघत नाही, पण हा नियम मी अनेकांना सांगितला आहे. पुराच्या आठवड्यात घर विकू नये. दिवसकार्य चालू असताना वाटण्या करू नयेत. कोविडमध्ये माणूस गेल्यावर सहा महिन्यांत गाव सोडलेली आणि नंतर पस्तावलेली घरं माझ्या ओळखीत आहेत.

अर्थात काही निर्णयांना महिना मिळत नाही. पाणी दारात आलंय तेव्हा निघायचंच असतं. डॉक्टर म्हणतात आज ऑपरेशन, तर आजच. तेव्हा प्रार्थना एका श्वासाची असते आणि जाणत्या माणसाचं ऐकायचं असतं. औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी पडला असं मानणाऱ्यांना मी एवढंच सांगते की शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. आणि आपल्या शेजारी मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं, ते याच विश्वासातून.

सल्ला ऐकायचा, पण कोणाचा? याकोबाने तिसऱ्या अध्यायात याची परीक्षा देऊन ठेवली आहे. वरून येणारं ज्ञान आधी शुद्ध असतं, मग शांतीचं, सौम्य, समजून घेणारं, दयेने भरलेलं. त्यात पक्षपात नाही, ढोंग नाही. मी ही यादी लोकांच्या बोलण्याला लावून बघते. सल्ला देणारा तुम्हाला घाई करतोय का? घाबरवतोय का? त्याचं ऐकलं नाही तर देव शिक्षा करेल म्हणतोय का? तुम्ही काही बोललात तर त्याला चालतं का? गुळव्याची गोळी गार पाण्यात बसते की विरघळते, तशी ही पारख. भीती घालणारा सल्ला कितीही वचनं जोडून आला तरी तो वरून आलेला नाही.

आपल्या मराठी मातीतलं एक आयुष्य या सगळ्यासाठी मला पुन्हा पुन्हा आठवतं, पंडिता रमाबाईंचं. १८५८ चा जन्म. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील उपासमारीने गेले, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. मांडीवर तान्ही मनोरमा. एवढं सगळं का, याचं उत्तर त्यांना मिळालं असं कुठे दिसत नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना केडगावला घेऊन आल्या. उपाशी मुलगी रस्त्याकडेला कशी बसते, तिला कोण कशाला हाक मारतं, तिला आधी काय द्यावं लागतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्यांचं दुःख त्यांच्या हातात उतरलं होतं. होखमा म्हणतात ती हीच. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. ते काम संपत आलं असताना १९२१ मध्ये मनोरमाही गेली. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल छापून बाहेर पडलं.

रमाबाईंचं आयुष्य असं वाचलं की 'विश्वास ठेवला की सगळं नीट होतं' हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं, काटा तसाच राहिला. 'माझी कृपा तुला पुरे' एवढं उत्तर मिळालं. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने हा प्याला टळू दे म्हणून प्रार्थना केली. प्याला टळला नाही. पण त्या रात्री त्याने एकट्याने प्रार्थना केली नाही, तिघा मित्रांना बरोबर नेलं आणि 'माझ्याबरोबर जागे राहा' म्हणाला. ते झोपले ते वेगळं. संकटात आपल्याला माणसं लागतात हे सांगायला त्याला कमीपणा वाटला नाही, आणि मला स्वतःला त्या बागेतली हीच गोष्ट सगळ्यात जास्त धीर देते.

आत्या इचलकरंजीला गेल्या नाहीत. पत्रे अठराच्या जागी वीस आले, दोन मागच्या न्हाणीवर लागले. ते फुगलेलं बायबल अजून त्यांच्याकडे आहे. मिटत नाही, म्हणून त्यावर पाटा ठेवतात.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढायला लागलं. मी जयंती नाल्याजवळ राहते. रात्री साडेअकराला फोन वाजला. आत्यांचा आवाज घाईत होता, मागे पोरांचा गलबला.

"एकोणचाळीसवर आलंय पानी. आमच्या गल्लीतल्या सगळ्यास्नी मी उठवलंय. तू जागी हायस न्हवं? कागदं पिशवीत घातलीस का?"

मी कपाट उघडलं.